घर पाहताना एजंटच्या आग्रही प्रश्नांना कसे सामोरे जावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘एजंट’ म्हणजे विक्रेत्याच्या वतीने घर दाखवणारा मध्यस्थ. तो स्वतःला ब्रोकर म्हणवो, दलाल म्हणवो वा मालमत्ता सल्लागार. उत्तरे घर विकत घेऊ इच्छिणाऱ्यांच्या बाजूने लिहिली आहेत. भाड्याने घर पाहणाऱ्यांनाही त्यांतील बरीचशी उपयोगी पडतील.

घर दाखवताना एजंट इतके प्रश्न का विचारतो?

दारे-खिडक्या उघडून दाखवणे हा त्याच्या कामाचा लहान भाग असतो. समोरचा माणूस खरोखर घेणार आहे का, किती देऊ शकतो आणि त्याला किती घाई आहे, याचा अंदाज घेणे हा मोठा भाग. नुसते पाहून जाणारे लोक त्याचा बराच वेळ घेत असल्यामुळे त्याने चौकशी करण्यात मुळात काहीच गैर नाही. तरीही प्रत्येक प्रश्नामागे ऐपत, निकड आणि ओढ यांपैकी कशाचा तरी शोध चाललेला असतो, हे ध्यानात ठेवले की उत्तर देणे सोपे जाते. ‘मुले कितवीत आहेत?’ हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो आणि कित्येकदा तो तसा असतोही. पण शाळेचे नवे वर्ष सुरू होण्याआधी तुम्हाला घर हवे आहे, ही माहिती त्यातून आपसूक बाहेर पडते. ऐपत आहे एवढे जरूर सांगावे, ती नेमकी किती आहे हे सांगू नये, आणि निकड व ओढ या दोन्ही गोष्टी सौदा ठरेपर्यंत आपल्याजवळच ठेवाव्यात, असे आमचे मत आहे.

एजंट नेमका कोणाच्या बाजूचा असतो?

ज्याने त्याला नेमले आहे त्याच्या बाजूचा. विक्रेत्याने नेमलेल्या एजंटवर बहुतेक ठिकाणी विक्रेत्याचे हित पाहण्याची जबाबदारी असते. त्यामुळे तुम्ही जिन्यात सहज बोललेले वाक्य विक्रेत्यापर्यंत जाणार, हे धरूनच चालावे. त्यात विश्वासघात झाला असे म्हणता येत नाही, कारण त्याने ते काम पत्करलेलेच असते. काही ठिकाणी एकच एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो; अशा वेळी तो तुमच्याशी कितीही आपुलकीने वागला, तरी तुमची कमाल मर्यादा त्याच्या हाती देणे धोक्याचेच.

मात्र विक्रेत्याचे हित आणि एजंटचे हितही तंतोतंत एक नसते. मागणी, म्हणजे विक्रेत्याने मागितलेली किंमत, 100 आहे आणि दलाली शेकडा 2 आहे असे धरू. सौदा 100 ऐवजी 97 वर ठरला, तर विक्रेत्याचे 3 जातात, एजंटचे मात्र अवघे 0.06. एवढ्यासाठी आणखी कित्येक आठवडे घर दाखवत फिरण्यापेक्षा सौदा लवकर उरकणे त्याला परवडते. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास करून 2008 साली दाखवून दिले की, एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते इतरांच्या तशाच घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि सुमारे 3.7 टक्के अधिक किंमत मिळवतात. खरेदीदाराने यातून एवढेच घ्यावे की, एजंटला सर्वांत जास्त घाई सौदा होण्याची असते आणि जी बाजू आधी वाकेल असे दिसते, तिच्यावरच त्याचा जोर पडतो.

‘तुमचं बजेट किती?’ असे विचारल्यावर काय सांगावे?

हा प्रश्न बहुधा पहिल्याच मिनिटाला येतो आणि त्याचे उत्तर बहुधा विचार न करता दिले जाते. एक आकडा सांगितला की वाटाघाटीचा पाया तोच होतो. दोन आकडे सांगितले, म्हणजे ‘नव्वद ते शंभर’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला फक्त ‘शंभर’ ऐकू येते. आणि ‘थोडं पुढे-मागे होईल’ एवढे तीन-चार शब्द जोडले, तर शंभराचीही हद्द आपण आपल्या हाताने पुसून टाकतो. या वाक्याइतके महाग पडणारे दुसरे वाक्य घरखरेदीत क्वचितच सापडेल.

घर पाहायला आलेल्याने सर्वांत साधे आणि खरे उत्तर द्यावे: ‘या घराची मागणी आमच्या आवाक्याबाहेरची असती, तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता.’ ऐपतीची खात्री पटवायला एवढे पुरेसे आहे आणि यातून कोणताही आकडा बाहेर पडत नाही. एजंटने पुन्हा विचारले, तर ‘किमतीविषयी घर नीट पाहून झाल्यावर आणि घरच्यांशी बोलल्यावर कळवू’ असे सांगून पुढच्या खोलीकडे वळावे. तिसऱ्यांदा विचारले, तर तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा म्हणावे. दर वेळी नवे कारण देऊ लागलो की प्रत्येक कारणाचे खंडन करता येते. तेच ते वाक्य मात्र कंटाळवाणे असते आणि त्याचा उपयोग नेमका त्यातच आहे.

याला एक अपवाद आहे. एजंटने आणखी घरे दाखवावीत अशी तुमचीच इच्छा असेल, तर त्याला काहीतरी मर्यादा सांगावीच लागते, नाहीतर तो भलतीच घरे दाखवत राहील. अशा वेळी ‘सध्या आम्ही अमुक मागणीपर्यंतची घरे पाहत आहोत’ असे म्हणावे. ही शोधाची मर्यादा झाली, खर्चाची नव्हे. ती तुमच्या खऱ्या कमाल आकड्यापेक्षा खाली ठेवली आणि खरोखरच तेवढ्या मागणीची घरे पाहत असलात, तर तुम्ही खोटेही बोललेले नसता.

‘कर्ज मंजूर झालं आहे का?’ हे सांगावे का?

होय, हे सांगावे. बँकेकडून तत्त्वतः मंजुरी मिळाली असेल, तर त्याने तुमचे वजन वाढते. विक्रेत्याला खात्रीचा खरेदीदार हवा असतो आणि किंचित कमी बोली देणारा पण पैशाची तयारी असलेला माणूस कित्येकदा पुढे जातो. फक्त ‘मंजुरी झाली आहे’ एवढ्यावर थांबावे. किती रकमेची, हप्ता किती, हातात रोख किती, पगार किती, यांतले काहीही घर पाहण्याच्या टप्प्यावर विक्रेत्याच्या एजंटला कळण्याची गरज नसते.

बोली लावताना मंजुरीचे पत्र दाखवणे भाग पडले, तर आधी बँकेशी बोलावे. मंजूर रक्कम बोलीपेक्षा बरीच मोठी असेल, तर बोलीच्या रकमेइतकेच पत्र मिळेल का, हे विचारून घेणे हिताचे असते. कमाल रकमेचे पत्र दाखवणे म्हणजे बजेट लेखी देण्यासारखेच झाले.

एजंट त्याच्याच ओळखीच्या कर्ज सल्लागाराला भेटा म्हणून मागे लागला तर?

भेटायला हरकत नाही, पण बंधन नाही. सल्लागार आणि एजंट एकाच कचेरीत बसत असतील, तर तुमचे उत्पन्न एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला फारसा वेळ लागत नाही, हे मात्र समजून असावे. ‘त्यांना भेटल्याशिवाय तुमची बोली मालकांपर्यंत जाणार नाही’ असे कोणी सुचवले, तर ते लिहून मागावे. ब्रिटनमध्ये 1979 च्या एस्टेट एजंट कायद्याखाली 1991 साली निघालेल्या आदेशानुसार, एजंटकडून इतर सेवा घेतली नाही म्हणून खरेदीदाराला डावलणे ही अनिष्ट प्रथा ठरते.

‘आत्ताचं घर का सोडताय? कधीपर्यंत हवंय?’ यावर काय म्हणावे?

येथे निकड मोजली जात असते. भाडेकराराची मुदत संपत आली आहे, बदलीचा हुकूम हाती आहे, घरात बाळ येणार आहे, जुने घर विकून पैसे बँकेत पडून आहेत, ही सगळी कारणे खरी असली तरी ती सांगितल्यावर तुमच्याकडे थांबण्याची सवड नाही हे उघड होते आणि किंमत उतरण्याची शक्यता तिथेच कमी होते. ‘योग्य घर मिळाले तर लवकरही चालेल, घाई नाही’ एवढे उत्तर सर्व प्रसंगी पुरते.

तुमच्या परिस्थितीतील काही गोष्टी मात्र विक्रेत्याला सोयीच्या असतात आणि त्या झाकून ठेवण्यात शहाणपणा नाही. तुम्हाला आधी स्वतःचे घर विकायचे नसेल, ताबा विक्रेत्याच्या सोयीने घेता येणार असेल, तर ते आवर्जून सांगावे. माहिती सांगायची की नाही हे ठरवताना ती खासगी आहे का, एवढेच पाहू नये. ती कळल्याने वाटाघाटीत आपली बाजू भक्कम होते की लंगडी, हे पाहावे.

‘आणखी एक पार्टी आज संध्याकाळी फायनल करतेय’ असे एजंट म्हणाला तर?

ते खरे असू शकते. चांगल्या घराला एकाच आठवड्यात दोन-तीन गिऱ्हाइके लागणे यात नवल नाही, म्हणून प्रत्येक वेळी एजंट थाप मारतो असे गृहीत धरणारा खरेदीदारही कधीतरी पस्तावतो. पण हे वाक्य खरे असो वा खोटे, तुमच्या दृष्टीने घराची किंमत त्याने बदलत नाही.

प्रसंग बहुधा ठरावीक वळणाने जातो. तुम्ही बाल्कनीत उभे असता, एजंटचा फोन वाजतो, तो दोन पावले बाजूला होतो, पण आवाज खाली आणत नाही: ‘हो हो, अजून आहे... आत्ता एक फॅमिली बघतेय... नाही, तुम्ही आधी सांगितलं होतं हे मान्य आहे, पण...’ मग फोन खिशात ठेवून तो तुमच्याकडे पाहून नुसता हसतो. अशा वेळी घाईने काही बोलू नये. शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात: दुसरी बोली लेखी आली आहे का, मालक निर्णय कधी घेणार आहेत, आणि आमची बोली पोहोचवायची शेवटची वेळ कोणती. खरोखर दुसरी बोली असेल, तर या प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळतात, कारण एजंटलाही दोन बोली हव्याच असतात. नसेल, तर उत्तरे धूसर होतात, ‘संध्याकाळ’ उद्यावर जाते आणि कधीकधी चार दिवसांनी त्याचाच फोन येतो.

दुसऱ्या बोलीबद्दल खोटी माहिती देणे हे ब्रिटनमधील वर उल्लेखिलेल्या 1991 च्या आदेशाने निषिद्ध ठरवले आहे. भारतात 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्री करणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि दिशाभूल करणारी विधाने अनुचित व्यवहारात मोडतात असे स्पष्ट केले. तरी तोंडी बोललेले सिद्ध करणे अवघड असते. म्हणूनच महत्त्वाचे बोलणे झाल्यावर ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे...’ अशी सुरुवात करून एक छोटा संदेश पाठवून ठेवावा. चुकीचे सांगणारा माणूस अशा संदेशाला क्वचितच होकार देतो.

घर मनापासून आवडले, तर ते दाखवावे की लपवावे?

आवडल्याचे सांगायला हरकत नाही. वेडावल्याचे दाखवू नये. चेहरा दगडासारखा ठेवण्याची कसरत बहुतेकांना जमत नाही आणि ती करायची गरजही नाही. ‘उजेड चांगला आहे, न्हाणीघराच्या भिंतीला ओल दिसते, विचार करून कळवू’ असे चांगले-वाईट दोन्ही एका दमात बोलणारा खरेदीदार एजंटला जाणता वाटतो.

खरी गळती एजंटच्या प्रश्नांच्या उत्तरांतून होत नाही, ती नवरा-बायकोच्या आपसांतल्या बोलण्यातून होते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून एकजण हळूच म्हणतो, ‘आईंचं कपाट इथे अगदी बसेल,’ दुसरी टेपने भिंत मोजू लागते, आणि दारात मोबाइल पाहत असल्यासारखा उभा असलेला एजंट सगळे ऐकतो. त्यानंतर ‘आम्ही अजून ठरवलेलं नाही’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. मोजमाप जरूर घ्यावे, सामान कुठे बसेल याची चर्चा रस्त्यावर आल्यावर करावी. दारावरच्या आणि घरातल्या कॅमेऱ्यांमध्ये आवाजही टिपला जाऊ शकतो, तेव्हा एजंट बाहेर गेला म्हणून मोकळेपणाने बोलू नये. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना ‘ही माझी खोली’ म्हणू द्यावे. त्याला काही इलाज नाही.

‘तुम्हीच एक आकडा सांगा, मी मालकांशी बोलतो’ असे म्हटल्यावर?

घरात उभ्या-उभ्या आकडा सांगू नये. कारण फक्त सावधगिरीचे नाही. पहिल्यांदा कानावर पडलेला आकडा पुढचा सगळा अंदाज आपल्याकडे ओढून घेतो, हे एमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल काहनेमन यांनी 1974 साली मांडले. पुढे 1987 मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी अमेरिकेतील टूसॉन शहरात विद्यार्थ्यांना आणि अनुभवी एजंटांना एकच घर प्रत्यक्ष दाखवले आणि एकसारखी माहितीपत्रके दिली. फरक फक्त त्यांत छापलेल्या मागणीच्या किमतीत होता. ज्यांना जास्त मागणी दाखवली, त्यांनी घराचे मोलही जास्त ठरवले. यात एजंटही आले. आणि मागणीचा आपल्या अंदाजावर परिणाम झाला, हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी कबूल केले.

म्हणजे जाहिरातीतली मागणी वाचली त्या क्षणीच तुमच्या मनात खुंटी ठोकली गेलेली असते. त्यावर उपाय एकच: त्या भागातील अलीकडे प्रत्यक्ष नोंदवलेल्या व्यवहारांच्या किमती पाहून, घर पाहायला निघण्यापूर्वी, आपला आकडा कागदावर लिहून ठेवावा. घर पाहिल्यावर दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा करावा किंवा एखाद्या मोठ्या गुणासाठी थोडे वाढवावे, पण त्या कागदापासून फार लांब जाऊ नये. एजंटला मात्र इतकेच सांगावे: ‘बोली लावायची झाली, तर ती लेखी आणि कारणांसह देऊ.’

उत्तर टाळण्यापेक्षा सरळ खोटे सांगितले तर?

सांगू नये. खोटे बजेट, नसलेली दुसरी पसंती, काल्पनिक मुदत, हे सगळे लक्षात ठेवावे लागते आणि घरातील दोघांनी सारखेच लक्षात ठेवावे लागते. कर्जाचे कागद पुढे आले की बऱ्याच गोष्टी उघड होतात आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. न सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो असताना खोटे बोलण्याचे कारणच पडत नाही.

जात, धर्म, लग्न, मुले यांविषयी प्रश्न आले तर?

घरात किती माणसे राहणार, हा प्रश्न काही वेळा व्यवहाराचा असतो. त्यापलीकडे जाऊन तुमचा धर्म, वंश, वैवाहिक स्थिती किंवा मूल होण्याचा बेत विचारला, तर ‘याचा या व्यवहाराशी संबंध काय?’ असे स्पष्ट विचारावे. अमेरिकेत 1968 च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याने वंश, वर्ण, धर्म व मूळ देश यांवरून घर नाकारण्यास बंदी घातली. 1974 मध्ये लिंग आणि 1988 मध्ये अपंगत्व व मुले असलेले कुटुंब या कारणांची त्यात भर पडली. सर्वत्र कायदे सारखे नाहीत, पण ज्याला आधी हे प्रश्न पडतात त्याच्याशी पुढचा व्यवहार कसा होईल, याचा अंदाज तुम्हाला तिथेच यावा.

उत्तर न देणे उद्धटपणाचे वाटत नाही का?

स्वर शांत ठेवला तर नाही. एजंट दिवसाला अनेक माणसांना हेच प्रश्न विचारतो आणि नकाराची त्याला सवय असते. अवघडलेपण असते ते आपल्याला. प्रश्नानंतर तो मुद्दाम गप्प राहिला, तर ती शांतता भरून काढण्यासाठी आपण बोलू लागतो आणि नको ते बोलून जातो. अशा वेळी नळ उघडून पाण्याचा जोर पाहावा.

आपण उलट कोणते प्रश्न विचारावेत?

भरपूर विचारावेत, विचारणारा माणूस उत्तरे देत बसत नाही. घर किती दिवसांपासून विक्रीस आहे, मागणी मध्येच कमी केली होती का, मालक का विकत आहेत, त्यांनी दुसरे घर घेतले आहे का, आधी कोणी बोली लावून मागे फिरले का आणि फिरले असल्यास कशामुळे, हे प्रश्न ऐपत, निकड आणि ओढ याच तीन गोष्टी विक्रेत्याच्या बाबतीत शोधतात. मागे फिरलेल्या खरेदीदाराविषयीचा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे कारण बहुधा कागदपत्रांत, बांधकामात किंवा शेजारात असते. मालकीची कागदपत्रे, थकबाकी आणि मोठ्या दुरुस्त्या यांविषयीची उत्तरे तोंडी मिळाली तरी लेखी मागावीत आणि आपल्या वकिलाला दाखवावीत.

आपणच एजंट नेमला असेल, तरी हे सगळे पाळायचे का?

तुमच्यासाठी काम करणाऱ्या एजंटला गरजा, मुदत आणि अडचणी मोकळेपणाने सांगाव्यात, नाहीतर त्याला कामच करता येणार नाही. कमाल आकडा मात्र बोली लावण्याची वेळ येईपर्यंत त्यालाही सांगण्याची घाई करू नये, कारण सौदा झाल्यावरच त्यालाही पैसे मिळतात. त्याची दलाली कोण देणार आणि तो विक्रेत्याकडूनही काही घेतो का, हे नेमतानाच लिहून घ्यावे. अमेरिकेत 17 ऑगस्ट 2024 पासून रिअल्टर संघटनेच्या (तेथील एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) नियमानुसार तिच्याशी संलग्न यादी-सेवा, म्हणजे विक्रीस असलेल्या घरांची एजंटांची सामायिक यादी, वापरणाऱ्या एजंटला खरेदीदाराबरोबर घर पाहण्याआधी लेखी करार करावा लागतो. तेथे सही करण्यापूर्वी मुदत आणि मेहनतान्याचे कलम नीट वाचावे.

‘आत्ताच टोकन देऊन टाका, नाहीतर घर जाईल’?

देऊ नये. ज्या रकमेची पावती, परतीच्या अटी आणि मालकाची संमती लेखी नाही, ती रक्कम कितीही लहान असली तरी घर पाहण्याच्या दिवशी द्यायची नसते.

घर पाहून आल्यावर रोज फोन येत राहिले तर?

निघतानाच सांगावे की, ‘आम्ही अमुक दिवशी संदेश पाठवून कळवू, तोवर फोन नको.’ घराविषयी विचार चालू असेल तर तो दिवस पाळावा. घर नको असेल तर ‘पाहू’, ‘सांगतो’ असे न म्हणता स्वच्छ नकार लिहून पाठवावा, कारण अर्धवट उत्तरामुळे एजंटच्या यादीत तुमचे नाव तसेच राहते. तरीही फोन थांबले नाहीत, तर संस्थेच्या प्रमुखाला लेखी कळवून आपला क्रमांक त्यांच्या नोंदींतून काढायला सांगावे. एक बारीकशी सोय आधीच करून ठेवता येते: घर पाहण्याच्या नोंदवहीत नाव आणि एकच संपर्क लिहावा, पगार, नोकरीचे ठिकाण आणि जोडीदाराचा क्रमांक यांचे रकाने रिकामे सोडले तरी चालतात.